शेजारची मनी आणि आपली गॅलरी

इंग्रज सरकारने १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला, तेव्हा त्यात कोणकोणती जनावरं धरायची याची यादीच देऊन टाकली. हत्ती, उंट, म्हैस, घोडा, तट्टू, शिंगरू, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, बकरी, करडू. यातलं एखादं जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरून नासधूस करायला लागलं, तर शेतकऱ्याने त्याला पकडून कोंडवाड्यात घालावं आणि मालकाने दंड भरून सोडवून न्यावं, अशी ती व्यवस्था होती. कल्याण-मुरबाड पट्ट्यातल्या जुन्या माणसांना कोंडवाडा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्या लांबलचक यादीत मांजर नाही.

ही केवळ विसरून राहिलेली गोष्ट नव्हे. भारतात शेजाऱ्याच्या मांजराचा जो काही कायदा आहे, त्याचं अर्धं उत्तर या गैरहजेरीत आहे. डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी बाई विचारते, “रोज ग्रिलमधून आत येतं, दुधाच्या पातेल्यात तोंड घालतं, आता पकडून द्यायचं तरी कुठे?” तिला खरं उत्तर द्यायचं तर ‘कुठेच नाही’ असं आहे. मांजराला कोंडवाडा नाही. दुसऱ्याच्या आवारात शिरणं हा मांजराचा अपराध म्हणून कोणत्याही कायद्यात नोंदलेला नाही. गुन्हेगारी स्वरूपाचं अतिक्रमण, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९, माणसाला लागतं. अपराध करण्याचा, धाक घालण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू मनात धरून जो शिरतो त्याला. मांजराला हेतू चिकटवता येत नाही.

म्हणून या प्रकरणात जे काही सांगायचं आहे ते असं. तुमचं घर, तुमची गॅलरी, तुमचं अंगण यांवर तुमचा हक्क पुरता आहे आणि तिथे मांजराला येऊ न देण्याचे सगळे निरुपद्रवी उपाय तुम्हाला मोकळे आहेत. मात्र मांजराच्या अंगावर तुमचा कसलाही हक्क नाही. भांडायचं ते माणसाशी. सोसायट्यांमधल्या बहुतेक कज्ज्यांत नेमकी हीच उलटापालट होते. राग शेजाऱ्याचा असतो आणि तो निघतो मांजरावर. तिथेच तक्रारदाराचा आरोपी होतो.

कायद्याने मांजराला ही सवलत का दिली, हे समजून घेण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये १९२६ साली बकल विरुद्ध होम्स हा खटला अपील न्यायालयापुढे आला. शेजाऱ्याच्या मांजराने एका माणसाची तेरा कबुतरं आणि दोन छोट्या जातीच्या कोंबड्या मारल्या होत्या. न्यायालयाने मांजराच्या मालकाला जबाबदार धरलं नाही. मांजराने भटकणं आणि पाखरावर झडप घालणं हा त्याच्या जातीचाच स्वभाव आहे, आणि मालकाने प्रत्येक क्षणी त्याला आवरावं अशी अपेक्षा समाज ठेवत नाही, असा त्यामागचा विचार. एखादं विशिष्ट मांजर अंगावर धावून येतं, ओरबाडतं आणि मालकाला हे ठाऊक आहे, असं असेल तर गोष्ट वेगळी. नुकसानभरपाईच्या बाबतीत आपल्याकडे स्वतंत्र लिखित कायदा नाही आणि अशा दाव्यांत आपली न्यायालयं इंग्लिश कायद्याची तत्त्वं पाहत आली आहेत. ते निवाडे बंधनकारक नाहीत, पण वजनदार आहेत. टिटवाळ्याकडे किंवा कल्याण ग्रामीणमध्ये ज्यांच्या घरी अजून कोंबड्या आहेत आणि शेजारचा बोका पिल्लं उचलतो, त्यांनी दावा लावण्याआधी हा जुना खटला डोळ्यांपुढे ठेवावा. खुराड्याला बारीक जाळी मारणं हे दाव्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं आहे.

अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने १९४९ साली मांजरांना मोकळं फिरू देण्यावर बंदी घालणारं विधेयक मंजूर केलं होतं. पाखरं वाचवण्यासाठी. गव्हर्नर अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी त्यावर सही केली नाही. मांजराने थोडंफार एकट्याने हिंडणं हे त्याच्या रक्तातच आहे, आणि असा कायदा केला तर शेजाऱ्याशेजाऱ्यांत आधीच असलेली भांडणं आणखी वाढतील, असं त्यांनी कारणादाखल लिहून पाठवलं. उलट बाजूचंही उदाहरण आहे. जर्मनीतल्या वॉलडॉर्फ गावात २०२२ साली चंडोलाच्या जातीचा एक दुर्मीळ पक्षी वाचवण्यासाठी त्याच्या विणीच्या हंगामात मांजरं घरातच ठेवण्याचा हुकूम निघाला. म्हणजे मांजराला मोकळीक हा काही जगभरचा अटळ नियम नाही. तिथे सरकारने नियम केला म्हणून मालकांना तो पाळावा लागला. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत मांजर घरातच कोंडून ठेवायला भाग पाडणारा असा हुकूम नाही, हे धरूनच पुढचं सगळं वाचावं.

मांजर नक्की कोणाचं?

तक्रारीचा कागद लिहायच्या आधी हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. नौपाड्यातल्या जुन्या इमारती, वर्तकनगरच्या म्हाडा वसाहती, डोंबिवली पश्चिमेच्या चाळी, घोडबंदर रोडचे टॉवर, सगळीकडे तीन तऱ्हेची मांजरं असतात. एक घरात पाळलेलं. त्याच्या गळ्यात पट्टा असतो, त्याला डॉक्टर असतो, त्याचं लसीकरणाचं पुस्तक असतं. दुसरं कोणाचंच नसलेलं, पार्किंगमध्ये आणि मीटरच्या खोलीत वाढलेलं. आणि तिसरं या दोघांच्या मधलं. सकाळ-संध्याकाळ दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याला वाटीत दूध आणि मासळीचे काटे घालतात, पण ते त्यांच्या घरात झोपत नाही.

या तिसऱ्या मांजरावरूनच सगळ्यात जास्त भांडणं होतात. खायला घालणारी व्यक्ती आपोआप मालक ठरत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम काढले, त्यांत वस्तीतच जन्मलेल्या आणि ज्यावर कोणी मालकी सांगितलेली नाही अशा प्राण्याला वस्तीतला, म्हणजे सामुदायिक प्राणी म्हटलं आहे. त्यामुळे ‘तुम्ही खायला घालता ना, मग माझ्या स्कूटरची फाटलेली सीट भरून द्या’ हा मुद्दा कायद्यात टिकणं अवघड आहे. पण खायला कुठे घालायचं याला शिस्त आहे. याच नियमांतला विसावा नियम सांगतो की खाण्याच्या जागा सोसायटीने किंवा रहिवासी संघाने ठरवाव्यात, आणि त्या जिन्यापासून, इमारतीच्या प्रवेशद्वारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असाव्यात. काकू तुमच्या दाराशी वाटी ठेवत असतील तर तुम्हाला हरकत घेण्याचा हक्क आहे. मागच्या कंपाउंडपाशी ठेवत असतील तर नाही. नवी मुंबईतल्या सीवूड्समधल्या एका मोठ्या गृहसंकुलाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने २०२५ साली सोसायट्यांना हे नियम पाळावेच लागतील असं स्पष्ट केलं. तो वाद भटक्या कुत्र्यांवरून होता, पण नियमाचे शब्द सामुदायिक प्राण्यांबद्दल आहेत.

येऊरच्या पायथ्याला आणि घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला राहणाऱ्यांनी आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. रात्री गच्चीवर किंवा पोटमाळ्यावर खुडबुडणारा प्राणी मांजर नसेलही. उदमांजर, ज्याला काही भागांत कांडेचोर म्हणतात, माणसाच्या वस्तीत सहज राहतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात वाघाटी आणि अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके असलेलं इवलंसं रानमांजरही आहे. हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. त्यांना पकडण्याचा प्रयत्नसुद्धा गुन्हा ठरू शकतो. तिथे सोसायटी नाही, पोलीस नाही, थेट वनविभागाला कळवायचं. त्यांचा मदत क्रमांक १९२६ आहे.

पोतं, विष आणि पिंजरा

आपल्याकडे मांजराचा त्रास झाला की ‘पोत्यात घालून लांब सोडून या’ हा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला जातो. खाडीपलीकडे, मुंब्र्याच्या डोंगराकडे, कल्याणच्या बाजार समितीच्या आवारात. देणाऱ्याला तो दयाळू सल्ला वाटतो, कारण यात मारझोड नाही. कायद्याच्या नजरेने मात्र यात दोन गोष्टी घडतात. मांजर पाळलेलं असेल तर तुम्ही दुसऱ्याची मालमत्ता त्याच्या संमतीशिवाय त्याच्या ताब्यातून नेली, आणि त्याचं नुकसान व्हावं हाच हेतू होता. ही चोरीची व्याख्या आहे. चोरीसाठी स्वतःचा फायदा व्हावाच लागतो असं नाही. मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या दंड संहितेत चोरीचं कलम समजावताना एक उदाहरण दिलेलं होतं आणि ते आजच्या न्याय संहितेतही राहिलं आहे. एक माणूस खिशात कुत्र्याला आवडणारा खाऊ ठेवतो, दुसऱ्याचा कुत्रा त्या वासाने त्याच्या मागे चालू लागतो. कुत्रा पळवण्याचा अप्रामाणिक हेतू असेल, तर कुत्र्याने पहिलं पाऊल टाकलं त्याच क्षणी चोरी पूर्ण होते. बांगड्याचा तुकडा दाखवून मांजराला पिंजऱ्यात घेणं याहून वेगळं नाही.

मांजर कोणाचं नसलं तरी सुटका नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ मध्ये, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत कोणत्याही प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणं हा अपराध सांगितला आहे. ओळखीच्या गल्लीतून उचलून अनोळखी ठिकाणी टाकलेलं मांजर, विशेषतः व्यालेली मांजरी, अगदी याच परिस्थितीत सापडते. तिची पिल्लं इकडे मीटरच्या खोलीत ओरडत राहतात, आणि दोन-तीन दिवसांनी तो आवाज बंद होतो. हे ज्याने एकदा ऐकलं आहे त्याला कलम दाखवावं लागत नाही.

विषाबद्दल तर कायदा संशयाला जागाच ठेवत नाही. जुन्या दंड संहितेत कलम ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमं होती. दहा रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा प्राणी मारला तर दोन वर्षांपर्यंत कैद, आणि गुरं, घोडा यांसारखी जनावरं किंवा पन्नास रुपये वा त्याहून अधिक किमतीचा कोणताही प्राणी मारला तर पाच वर्षांपर्यंत. त्यामुळे साध्या गावठी मांजराची किंमत काय, हा वकिलांना उकरून काढता येण्याजोगा मुद्दा उरत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मधून किमतीची अटच गेली. कोणत्याही प्राण्याला मारणं, विष घालणं, पांगळं करणं, निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीची वाट न पाहता गुन्हा नोंदवून तपास करता येतो. दुकानातून हजार रुपयांना आणलेली पर्शियन असो की रस्त्यावरून उचललेली तांबूस मनी, कलम एकच. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

१९६० च्या कायद्यातली शिक्षा मात्र अजून लाज वाटावी इतकी हलकी आहे. पहिल्या अपराधाला दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून ज्या विषयाला वाचा फोडली, त्यातून हा कायदा उभा राहिला, आणि त्या काळच्या रुपयात लिहिलेले आकडे तसेच राहिले. शिवाय या कायद्याखालची फिर्याद अपराधानंतर तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावी लागते, हे बहुतेक मांजरप्रेमींनाही ठाऊक नसतं. म्हणून मारहाणीच्या किंवा विषप्रयोगाच्या तक्रारीत संहितेचं कलम ३२५ लावण्याचा आग्रह धरावा. जुन्या कलमांखालीही शिक्षा झालेल्या आहेत. चेंबूरमध्ये २०१८ साली मांजर मारल्याच्या प्रकरणात न्यायालयाने आरोपीला ९,१५० रुपये दंड केला होता.

‘माझ्या मालमत्तेचं रक्षण करायचा मला हक्क आहे’ असा एक बचाव नेहमी ऐकू येतो. खासगी बचावाचा हक्क कायद्यात आहे, पण मालमत्तेपुरता तो चोरी, जबरी चोरी, आगळीक आणि अतिक्रमण यांसारख्या अपराधांविरुद्ध आहे. मांजर अपराध करू शकत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध हा बचाव उभा राहत नाही. हुसकावून लावणं, टाळी वाजवणं, पाणी शिंपडणं याला कोणी हरकत घेणार नाही. काठी, दगड, उकळतं पाणी, गुलेल यांना आहे. भिंतीवर काचा रोवणं किंवा तारेत वीज सोडणं तर कोणीही मनात आणू नये. त्या तारेला उद्या शेजारचं मूल हात लावेल आणि मग प्रश्न मांजराचा उरणार नाही.

मांजर आपल्या घरात आलं आणि आपण दार लावून घेतलं, तर? रागाच्या भरात हे पुष्कळदा घडतं. बंगळुरूजवळ एका घरातली डेझी नावाची मांजर शेजाऱ्याने कोंडून ठेवली, असा आरोप झाला आणि प्रकरण शिवीगाळ, धमकी, विनयभंगाच्या कलमांपर्यंत गेलं. जुलै २०२४ मध्ये ते कर्नाटक उच्च न्यायालयात पोचलं आणि न्यायमूर्ती नागप्रसन्ना यांनी पुढच्या कारवाईला स्थगिती दिली. अशा खटल्यांनी फौजदारी न्यायव्यवस्था तुंबते, हा त्यांचा रोख होता. खिडकीतून येतं, खिडकीतून जातं, हा शेजाऱ्याचा बचाव होता. उच्च न्यायालयापर्यंत जायचा खर्च आणि मनस्ताप पाहता, दार उघडून मांजर बाहेर काढावं आणि शेजाऱ्याला फोन करावा, इतकंच सांगतो. याची दुसरी बाजूही आहे. मांजर तुमच्या गॅलरीत अडकलं म्हणून शेजाऱ्याला तुमच्या परवानगीशिवाय ग्रिल चढून आत येता येत नाही. त्याने बेल वाजवावी आणि तुम्ही दार उघडावं.

हातात काय आहे

सर्वांत कामाची गोष्ट कायद्यात नाही, बाजारात आहे. कबुतरांसाठी गॅलरीला मारतात ती नायलॉनची जाळी मांजरालाही अडवते. ठाण्यातल्या टॉवरमध्ये ती घराघरात दिसते. डोंबिवलीच्या तीन-चार मजली इमारतींत, जिथे एका ग्रिलवरून दुसऱ्या ग्रिलवर मांजर चालत जातं, तिथे तिची गरज अधिक आहे. बाहेरच्या भिंतीवर काही बसवायचं तर सोसायटीला विचारून घ्यावं. स्वयंपाकघराच्या खिडकीला आणि बाथरूमच्या डक्टकडच्या झडपेला जाळी असली की निम्मी तक्रार संपते. कुंड्यांतल्या मातीवर मोठे खडे पसरले की मांजर तिथे उकरायला येत नाही. फाटकाबाहेर निळ्या किंवा लाल पाण्याच्या बाटल्या टांगण्याची जी पद्धत आहे तिने काही होत नाही. फिनेल आणि डांबराच्या गोळ्या टाळाव्यात. दोन्ही मांजराला विषारी आहेत, आणि मांजर मेलं तर तुम्ही ‘फक्त वास यावा म्हणून’ ठेवल्या होत्या हे पटवून देणं तुमच्यावर येतं.

जाळी मारूनही त्रास राहिला, तर आधी बोलावं. “अहो वहिनी, तुमची मनी रोज आमच्याकडे येते, दुपारी दोनच्या सुमारास खिडकी लावून घ्याल का?” एवढ्याने पुष्कळ प्रकरणं मिटतात. बोलून झालं नाही तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, सभासदाने आपल्या गाळ्यात इतरांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही करू नये, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या अर्जाचा पाया हा असावा. समितीने पुढच्या सभेत त्यावर निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तो कळवायचा, अशीही त्यात तरतूद आहे. अर्जात तारीख, वेळ, काय नुकसान झालं ते लिहा, फोटो जोडा. ‘सारखा त्रास होतो’ या वाक्याने काही सिद्ध होत नाही. ‘गेल्या आठवड्यात तीनदा पॅसेजमध्ये घाण, सोबत फोटो’ यावर समितीला उत्तर द्यावंच लागतं.

सोसायटीला काय करता येतं याला मर्यादा आहे. मालकाला समज देणं, सार्वजनिक जागेतली घाण त्याला साफ करायला लावणं, हे होऊ शकतं. पण सर्वसाधारण सभेत बहुमताने ‘इमारतीत मांजर पाळायचं नाही’ असा ठराव करून चालत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणारी रहिवासी संघांची कलमं बेकायदा ठरवली. तो निवाडा महाराष्ट्रावर बंधनकारक नसला तरी आपल्याकडच्या समित्यांनी तो वाचून ठेवावा. याच उच्च न्यायालयाने २०२० च्या टाळेबंदीत कोचीच्या एका माणसाला मांजरांचं खाद्य आणायला बाहेर जाण्याची मुभा दिली होती. संविधानाच्या अनुच्छेद ५१-अ मधलं सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचं कर्तव्य, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी नागराज प्रकरणात प्राण्यांच्या बाजूने घेतलेली भूमिका, या दोन गोष्टी आता अशा वादांत नेहमी पुढे येतात.

पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावर दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय तपास होत नाही, पण पुढच्या कामासाठी ती नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते. एखादं मांजर चावरं आहे, मालकाला ते ठाऊक आहे आणि तरी तो काळजी घेत नाही, अशी स्थिती असेल तर संहितेचं कलम २९१ पाहावं. प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साध्या ओरखड्याला हे कलम ताणू नये. ओरखडा किंवा चावा मात्र कधीच हलक्यात घेऊ नये, कारण मांजरापासूनही रेबीज होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, ही महापालिकेची रुग्णालयं त्यासाठी जवळची आहेत. केसपेपर जपून ठेवा. भरपाई मागायची झाली तर पहिला कागद तोच.

शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा. उपद्रवाला कायमची मनाई मागायची तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ३८ खाली ठाण्याच्या किंवा कल्याणच्या न्यायालयात जाता येतं. पण न्यायालय पाहतं ते असं की साधारण माणसाच्या घरातल्या सुखाला खरोखर बाधा येते का. एक मांजर अधूनमधून गॅलरीत येतं, एवढ्यावर मनाई मिळेल अशी आशा धरू नये. एका फ्लॅटमध्ये मांजरांची फौज आहे, दारं उघडली की मुताचा वास जिन्यात पसरतो, असं असेल तर पारडं फिरतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या हडपसर भागात एका फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरं असल्याची तक्रार रहिवाशांनी केली, पाहणी झाली आणि ती हलवण्यासाठी नोटीस निघाली. तिथे मांजर पाळण्याला हरकत नव्हती, इतक्या जणांना एका घरात कोंबण्याला होती. त्यात हाल मांजरांचेही होते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, हे आपल्या बायकांना सांगायला हवं.

पागडीच्या चाळीत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ मध्ये, शेजारच्या रहिवाशांना उपद्रव देणारं वर्तन हे भाडेकरूला घराबाहेर काढण्याचं एक कारण आहे. एका मनीवरून कोणाचं घर जाणार नाही, पण दहा वर्षांच्या तक्रारींची चवड साठली तर मालक तिचा वापर करू शकतो. मांजर पाळणाऱ्या भाडेकरूंनी शेजाऱ्याच्या पहिल्या पत्राला उत्तर द्यावं ते यासाठी.

मांजर पाळणाऱ्यांना

मांजर पाळणाऱ्यांवर १९६० च्या कायद्याच्या कलम ३ ने काळजी घेण्याचं कर्तव्य टाकलेलंच आहे. त्यातली शेजाऱ्यासाठीसुद्धा सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन. ऑपरेशन न केलेला बोका मैलभर हिंडतो, दारादारांत फवारतो, रात्रभर भांडतो. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीनदा विऊ शकते. शेजाऱ्यांच्या तक्रारींतल्या वास, आवाज आणि पिल्लं या तिन्ही गोष्टी नसबंदीने बव्हंशी आटोक्यात येतात. रेबीजची लस वर्षाच्या वर्षी टोचून तिचं पुस्तक जवळ ठेवावं, कारण मांजराने कोणाला ओरबाडलं तर तेच पुस्तक शेजाऱ्याचा जीव भांड्यात पाडतं. गळ्यात ताण पडला की सुटणारा पट्टा आणि त्यावर फोन नंबर असला, तर मांजर कोणाचं हा वाद उद्भवतच नाही. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांचीही नोंदणी करून घेण्याचा निर्णय घेतला, तो याच कारणाने मला योग्य वाटतो. पशुवैद्याकडून मायक्रोचिप बसवून घेतली तर पट्टा हरवला तरी मालकाचं नाव चिपच्या नोंदीतून निघतं, आणि हरवलेलं मांजर कल्याणमध्ये सापडो की कळव्यात, घरी परत येऊ शकतं.